विश्लेषण : मालवणच्या स्कूबा डायव्हिंगचे मूळ फ्रान्समध्ये कसे?

नांदगाव (सिंधुदुर्ग) : सुट्ट्या लागल्या की मुंबई-गोवा महामार्गावरून नांदगाव, कणकवलीमार्गे पर्यटकांच्या गाड्या मालवणकडे धावू लागतात. तारकर्लीत किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली उतरायचे आणि माशांसोबतची चित्रफीत घेऊन परतायचे, हा आता सहलीचा ठरलेला भाग झाला आहे. पाठीवरची टाकी, तोंडातले श्वसनयंत्र आणि पाण्याखालचा कॅमेरा या तिन्ही गोष्टींचा माग काढला, तर एक नाव समोर येते. ते म्हणजे फ्रेंच नौदल अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो.

समुद्राकडे कसे वळले?

कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक येथे झाला. १९३० मध्ये ते नौदल अकादमीत दाखल झाले. त्यांना वैमानिक व्हायचे होते. मात्र १९३६ मध्ये मोटार अपघातात दोन्ही हातांना गंभीर इजा झाली आणि तो मार्ग बंद झाला. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तूलाँ येथे समुद्रात पोहू लागले. सहकारी फिलिप तायये यांनी दिलेला पाणचष्मा लावून त्यांनी पाण्याखाली पाहिले आणि आयुष्याची दिशा ठरली.

‘ॲक्वालंग’ कसे तयार झाले?

त्या काळचे पाणबुडे जड शिरस्त्राण घालत आणि होडीवरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेले असत. मोकळेपणाने पोहता येईल, असे साधन कूस्तो यांना हवे होते. त्यांचे सासरे ‘एअर लिक्विड’ या वायू कंपनीत संचालक होते. त्या ओळखीतून १९४२ च्या अखेरीस कंपनीतील अभियंता एमिल गान्याँ यांची भेट झाली. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्याँ यांनी एक झडप तयार केली होती. तीच पाण्याखालच्या श्वासासाठी बदलून घेण्यात आली.

पॅरिसजवळच्या मार्न नदीतील पहिली चाचणी फसली. डोके वर असताना हवा वाया जाई, तर डोके खाली केले की श्वास अडखळे. उच्छ्वासाची वाट झडपेच्या पातळीवर आणल्यावर हा दोष गेला. १९४३ च्या उन्हाळ्यात ‘ॲक्वालंग’ समुद्रात यशस्वी ठरले.

हे यंत्र काम कसे करते?

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. झडप त्या खोलीवरील दाबाइतक्याच दाबाची हवा देते, तीही श्वास ओढल्यावरच. म्हणूनच वर येताना श्वास रोखून धरायचा नसतो. वर दाब कमी होत जातो, तशी कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. खोलवर नायट्रोजनची गुंगी चढते, हा धोका वेगळाच. कूस्तो यांचे सहकारी मोरिस फार्ग यांचा १९४७ मध्ये अतिखोल बुडीच्या प्रयत्नात मृत्यू झाला.

छायाचित्रणाला काय मिळाले?

कूस्तो यांचा १९४२ चा पहिला लघुपट श्वास रोखून, अठरा मीटरपर्यंत उतरून चित्रित झाला होता. टाकी आल्यावर छायाचित्रकाराला पाण्याखाली वेळ मिळाला. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. त्यामुळे थोड्या खोलीवरच सारे निळे-हिरवे दिसते आणि खरे रंग टिपायला दिवा लागतो. कूस्तो यांच्या जहाजावरून ‘कॅलिप्सो’ नाव मिळालेला पाणबंद कॅमेरा पुढे निकॉनने ‘निकॉनोस’ म्हणून १९६३ मध्ये बाजारात आणला. ‘द सायलेंट वर्ल्ड’ या त्यांच्या चित्रपटाने १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवला आणि नंतर ऑस्करही पटकावले.

टीका कशावरून झाली?

याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावलेला दिसतो, तसेच पथकाने शार्क मारल्याचेही दिसते. १९५४ मध्ये ‘कॅलिप्सो’ने इराणच्या आखातात तेलशोधाचे कामही केले होते. मात्र त्याच समुद्राची अवस्था पाहताना कूस्तो बदलत गेले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यास त्यांनी विरोध केला, १९७३ मध्ये सागर संवर्धनासाठी संस्था काढली आणि पुढे अंटार्क्टिकातील खाणकामाविरुद्ध मोहीम चालवली. १९७९ मध्ये मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. तरीही काम थांबले नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मालवणने यातून काय घ्यावे?

मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. येथील प्रवाळ सजीव आहे आणि अत्यंत सावकाश वाढतो. एका छायाचित्रासाठी त्यावर टेकलेला पाय किंवा त्यावर टाकलेला होडीचा नांगर काही क्षणांत अनेक वर्षांची वाढ मोडू शकतो. कूस्तो यांच्या साधनाने समुद्राचा तळ सामान्य माणसाला खुला केला. तो जपण्याची गरज त्यांना स्वतःलाही उशिराच उमगली. मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांची चूल पर्यटनावर पेटते, त्यांच्यासाठी प्रवाळ टिकणे म्हणजे धंदा टिकणे आहे.