मजूरमंत्री बाबासाहेब : अभ्यासातून आलेले कामगारांचे हक्क

पनवेल तालुक्यातल्या नेऱ्यासारख्या गावांतली आपली मुले कारखान्यांत, गोदामांत, बांधकामांवर कामाला जातात. कामाचे तास, ओव्हरटाइम, किमान वेतन हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले. या हक्कांमागे एका अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास आहे. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची ही ओळख मागे राहते.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवर अडकलेल्या जादा हातांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, हे त्यांनी त्यात मांडले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडनची डी.एस्सी. मिळाली.

पण ते पुस्तकांत अडकून राहिले नाहीत. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. तेव्हा पनवेल कुलाबा जिल्ह्यात होते आणि कोकणातली कुळे खोतांच्या जाचाखाली होती. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांसोबत संप केला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना त्यांनी एका टेबलाशी बसवले. कोळसा खाणीत स्वतः उतरून कामगारांची स्थिती पाहिली. १९४४ मध्ये खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. सेवायोजन कार्यालयांचा पाया याच काळातला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याची मर्यादा ५४ वरून ४८ तासांवर आली, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोजचे सरासरी आठ तास. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला.

एक काम मात्र अपुरे राहिले. मालकांनी कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, यासाठी त्यांनी १९४३ मध्ये विधेयक आणले होते. पुढे १९४७ मध्ये तसा कायदा संमत झाला, पण तो कधी अमलातच आला नाही. आज कंत्राटी कामावरच्या मुलाला संघटनेचे नाव काढायची भीती वाटते, तेव्हा ही उणीव जाणवते.

म्हणून तरुणांनो, बाबासाहेबांचे अर्थशास्त्र वाचा, आपल्या कामाचे कायदे समजून घ्या आणि संघटित व्हा.

जय भीम!