घोड्याचं शरीर आणि बाजीराव पेशवे : चरित्र निबंध



बाजीराव आपण इतिहासाच्या तासाला शिकवतो आणि प्राण्यांचं शरीर विज्ञानाच्या तासाला. दोन्ही धड्यांची गाठ कधी पडत नाही. माझ्या वर्गात ती पडली ती बाळापूरच्या किल्ल्याच्या सहलीत. किल्ल्याबाहेर लग्नाच्या वरातीसाठी सजवलेला एक घोडा उभा होता. मुलांनी किल्ला बघायचं सोडून त्याच्याभोवती गर्दी केली, आणि एका पोराने विचारलं, मॅडम, याचा मागचा गुडघा उल्टा काहून आहे?

प्रश्न फार चांगला होता. उत्तर असं की तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. घोड्याचा खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, तो चटकन दिसत नाही. पुढच्या पायाला ज्याला आपण गुडघा म्हणतो ते आपलं मनगट, आणि घोड्याचं कोपर छातीला लागून असतं. मनगटाखाली एकच मोठं हाड, म्हणजे आपल्या तळव्यातलं मधल्या बोटाचं हाड. त्याच्या टोकाला एकच बोट, आणि त्या बोटाचं नख म्हणजे खूर. थोडक्यात, घोडा चारही पायांच्या मधल्या बोटाच्या नखांवर उभा असतो. मुलांना पंजा टेबलावर उभा धरून फक्त मधल्या बोटाच्या टोकावर भार द्यायला सांगा, लगेच कळतं. त्या दिवशी अर्धा वर्ग किल्ल्याच्या भिंतीला बोट लावून उभा होता.

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर आहे. तो १७५७ मध्ये पूर्ण झाला. पण घोड्यावर बसून इतिहास घडवणाऱ्या ज्या माणसाबद्दल हा निबंध आहे, तो त्याआधीच १७ वर्षांपूर्वी वारला होता. बाळापूरचं नाव मात्र त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्याच पानावर येतं.

बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० चा, सिन्नरजवळच्या डुबेरे गावी, आजोळी. वडील बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे, आई राधाबाई. धाकटे भाऊ चिमाजी अप्पा, आणि भिऊबाई व अनुबाई या दोन बहिणी. वडील छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे झाले आणि मुलगा त्यांच्यासोबत मोहिमांवर वाढला. १७१८-१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेले तेव्हा बाजीरावही बरोबर होते. साताऱ्याहून दिल्लीपर्यंत घोड्यावरून जाऊन परत येणं, हीच त्यांची शाळा. एप्रिल १७२० मध्ये सासवडला वडील वारले, आणि त्याच महिन्यात शाहू महाराजांनी मसूरच्या मुक्कामी पेशवेपदाची वस्त्रं या मुलाला दिली. दरबारातल्या अनुभवी मंडळींना ते पटलं नव्हतं. वय अजून २० पूर्ण नव्हतं.

चारच महिन्यांनी, ऑगस्ट १७२० मध्ये, बाळापूरची लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान. आलम अलीच्या मदतीला मराठ्यांची फौज होती. त्या फौजेत दमाजी गायकवाडांनी नाव मिळवलं, पुढे बडोद्याचं घराणं त्यांच्याच वंशात आलं. निजाम जिंकला, आलम अली मारला गेला, आणि दख्खनमध्ये निजामाचा पाय रोवला गेला. बाजीरावांना पुढची वीस वर्षं ज्या शत्रूशी पुन्हा पुन्हा गाठ घ्यावी लागली, तो शत्रू आपल्या वऱ्हाडातल्या या मैदानावर मोठा झाला.

ऑगस्टमधली वऱ्हाडातली काळी माती आपल्या मुलांना सांगायला नको. चपलेला अर्धा किलो चिकटते. त्या मातीत घोड्याच्या खुराचं काय होत असेल? खुराच्या खाली मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग असतो. पाऊल पडलं की तो दबतो, धक्का पचवतो आणि खुरातलं रक्त वर ढकलायला मदत करतो. रक्त वर चढवायला मदत लागते, कारण मनगटाच्या खाली घोड्याच्या पायाला मांस जवळजवळ नसतंच, नुसती हाडं आणि कंडरा. पाय खाली बारीक आणि हलका, ताकद सगळी वर खांद्यात आणि पुठ्ठ्यात. म्हणूनच पाय झटकन पुढे येतो, आणि म्हणूनच चिखलात फसला की कंडरा दुखावते. खूर दिवसेंदिवस ओला राहिला तर मऊ पडून सडतो. मराठी फौजा पाऊसकाळ छावणीत काढत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत, त्याला ही जमीन आणि हा पाय कारण होता. नद्या उतरलेल्या, जमीन वाळलेली, रानात गवत आणि थोड्याच दिवसांत ज्वारीचा कडबा. दसऱ्याचा धडा शिकवताना एवढं सांगितलं तरी मुलांना सोन्याच्या पानांपलीकडचं काही कळतं.

आता १७२७. निजामाने शाहू महाराजांऐवजी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा पक्ष घेतला आणि मोठ्या फौजेने पुण्यावर चालून गेला, पुणं ताब्यातही घेतलं. कोणीही धावत पुण्याच्या बचावाला गेलं असतं. बाजीराव गेले नाहीत. ते निजामाच्याच मुलखात शिरले. जालना, सिंदखेड, मग पूर्वेला माहूर, मंगरूळ, वाशीम. म्हणजे हे सगळं आपल्या दाराशी चाललं होतं! निजामाचे लोक मागे लागले तसे ते एकदम वायव्येला वळले, खानदेशातून तापी ओलांडून गुजरातच्या बाजूला गेले. बुऱ्हाणपूरवर जाणार अशी हूल त्यांनी उठवली होती. निजाम पुणं सोडून त्यांच्यामागे निघाला.

इथे घोड्याचं पोट समजून घ्यावं लागतं. आपण म्हणतो, घोडं कुठे पेंड खातंय? घोडं पेंड खायला थांबलं तर स्वार अडकतो. बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं. तो भराभर चारा गिळतो, मग निवांत बसून रवंथ करतो. मोहिमेवर त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो. घोड्याचं जठर एकच आणि अंगाच्या मानाने अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. गवतातला कठीण भाग त्याच्या मागच्या मोठ्या आतड्यात आंबून पचतो. रवंथ नाही, त्यामुळे घोडा थोडं थोडं, पण दिवसभर खातो. जिथे थांबला तिथे चार घास, की पुन्हा चालायला तयार. त्याला पित्ताशयसुद्धा नसतं. सतत खाणाऱ्याला पित्त साठवून ठेवायची गरज काय!

याच पोटाची एक भयंकर बाजूही आहे. घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं काही पोटात गेलं, किंवा पाणी न मिळाल्याने चारा आतड्यात घट्ट बसला, तर पोटशूळ उठतो आणि धडधाकट घोडा एका रात्रीत मरतो. पाणीही थोडंथोडकं लागत नाही, रोज साधारण २५ ते ४० लिटर, उन्हात राबला तर त्याहून जास्त. दहा हजार घोड्यांना किती लागेल? पाचवी-सहावीच्या मुलांकडून हा गुणाकार फळ्यावर करून घ्या.

फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला बाजीरावांनी निजामाला नेमकं याच जागी पकडलं. वेगाने पाठलाग करायचा म्हणून निजामाने जड तोफा मागे ठेवल्या होत्या. बाजीरावांच्या स्वारांनी त्याच्या छावणीला वेढा घातला, धान्य आणि पाणी तोडलं. मोठा रणसंग्राम झालाच नाही. तहानलेल्या जनावरांची फौज किती दिवस उभी राहणार? मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला आणि निजामाला शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मानावा लागला. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या मोहिमेचं कौतुक केलं आहे. आपल्याकडे मात्र ती बहुधा रिकाम्या जागा भरा मध्ये संपते.

बाजीरावांच्या फौजेतली बरीच घोडी दख्खनची होती. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी अंगाने लहान, दिसायला साधी, पण काटक. अरबी घोड्यासारखी देखणी नव्हेत. डोंगर चढायची, मिळेल तो कडबा खायची, चंदी कमी पडली तरी तग धरायची. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट. स्वारही तसाच हलका. पाठीवर जास्त वजन म्हणजे घोड्याच्या कण्यावर ताण, आणि एकूण वजनातलं निम्म्याहून जास्त पुढच्या पायांवर येतं. पुढचे पाय तर धडाला हाडाने जोडलेलेही नसतात. घोड्याला गळपट्टीचं हाडच नाही, धड खांद्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. खोगीरभरती हा शब्द आपण उगीच नाही वापरत.

बाजीरावांची एक प्रसिद्ध कथा सांगतात. निजामाने त्यांचं चित्र काढून आणायला चितारी पाठवला, आणि त्याने जे आणलं त्यात पेशवा घोड्यावर बसून, भाला खांद्यावर टाकून, लगाम घोड्याच्या मानेवर सोडून ज्वारीची कणसं हातावर चोळून खात चालला होता. कथा खरी की रचलेली, हे बाजूला ठेवू. पण लगाम सोडून चालायला घोड्यावर विश्वास लागतो. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे दात नसतात, आणि ती हिरडी नाजूक असते. सतत खेचणारा हात घोड्याला दुखवतो. चांगला स्वार लगामापेक्षा मांडीने आणि तोल बदलून घोडा चालवतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि थेट पाठीमागचं दिसत नाही. पालकांनी हे मुलांना जरूर सांगावं. वरातीतल्या घोड्याच्या मागे उभं राहू नये.

पुढचं थोडक्यात. १७२९ मध्ये बुंदेलखंडात छत्रसाल राजाची बंगशच्या वेढ्यातून सुटका, मस्तानीशी नातं आणि त्यावरून घरात आणि पुण्यात झालेला ताप, १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी. पत्नी काशीबाईंचा आणि मस्तानीचा विषय सिनेमामुळे मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो, म्हणून तो इथेच सोडते.

१७३७ च्या मार्चअखेरीस बाजीराव बादशाही सरदारांच्या फौजांना वळसा घालून अचानक दिल्लीसमोर उभे राहिले. मोठमोठे सरदार त्यांना आग्रा-मथुरेच्या बाजूला शोधत होते. एवढी दौड घोड्याला जमते कशी? त्याचं हृदय साधारण चार किलोचं. निवांत असताना ते मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं, भरधाव असताना २०० च्या वर जातं. त्याची प्लीहा रक्तातल्या तांबड्या पेशींचा मोठा साठा राखून ठेवते आणि धावताना तो रक्तात सोडते, म्हणजे जणू राखीव फौजच. श्वास तो फक्त नाकानेच घेतो, आणि चौखूर धावताना प्रत्येक ढांगेला एक श्वास, असा ताल जुळलेला असतो. थांबल्यावर त्याला आडवं व्हायलाही नको. पायातल्या कंडरा आणि सांधे अशा रीतीने अडकून राहतात की तो उभ्या उभ्या डुलकी घेतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला थोडा वेळ आडवं पडावंच लागतं. ते कित्येक दिवस मिळालं नाही तर घोडा उभ्यानेच ढासळतो.

त्यानंतर भोपाळला पुन्हा निजामाला कोंडलं, जानेवारी १७३८ मध्ये दोराहाचा तह केला. १७४० च्या सुरुवातीला निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी लढाई आणि तह झाला, त्यात हंडिया आणि खरगोणचा मुलूख मिळाला. त्याची व्यवस्था लावायला बाजीराव नर्मदेकडे निघाले. पुण्यात मस्तानीला अडकवून ठेवलेलं, घरच्यांशी दुरावा, आणि वीस वर्षं खोगिरावर काढलेलं अंग. एप्रिलचं ऊन होतं.

घोडा सगळ्या अंगाने घाम गाळून स्वतःला थंड ठेवतो. माणूसही तसाच, आणि प्राण्यांमध्ये इतका घाम गाळणारे फार थोडे. घामाबरोबर दोघांच्याही अंगातलं मीठ जातं. घोडा थकला की मोतद्दार त्याला सावलीत नेतो, हळूहळू फिरवतो, पाणी दाखवतो, खरारा करतो, दुसऱ्या दिवशी दुसरं घोडं काढतो. पेशव्याची बदली करायला पागेत दुसरा पेशवा नव्हता. रावेरखेडीच्या मुक्कामी ताप चढला आणि २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव वारले. वय ३९ वर्षं ८ महिने.

नर्मदेच्या काठी, आजच्या मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, त्यांची समाधी आहे. मस्तानीही त्याच वर्षी गेली, आणि चिमाजी अप्पा डिसेंबरमध्ये.