‘बामणाच्या पत्र्या’खालचा निवांतपणा

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील माडगूळ हे माणदेशातील दुष्काळी गाव. तेथील शेतात पत्र्याचे छप्पर असलेली एक साधी खोली होती. गावकरी तिला ‘बामणाचा पत्रा’ म्हणत. ज्यांच्या शब्दांसाठी चित्रपटनिर्माते खोळंबून राहत, ते गजानन दिगंबर तथा ग. दि. माडगूळकर निवांत लेखनासाठी येथे येऊन राहत.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. वडील औंध संस्थानात नोकरीला होते. त्यामुळे त्यांचे शिक्षणही आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधमध्ये झाले. मॅट्रिकला अपयश आले आणि घरच्या ओढगस्तीने त्यांना कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत आणून सोडले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांनी छोटी भूमिका केली. मूळचे सांगलीचे वि. स. खांडेकर यांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काही काळ काम केले. पुढे कथा, पटकथा, संवाद आणि गीते अशा नात्यांनी सुमारे दीडशे मराठी चित्रपटांशी त्यांचे नाव जोडले गेले.

कीर्तीबरोबर वर्दळही वाढली. पुण्यातील ‘पंचवटी’ या निवासस्थानी माणसांचा राबता असे, आणि गदिमा स्वतः गप्पांचे शौकीन होते. बाहेरून येणारा व्यत्यय दाराशी थोपविता येतो. मनातून हवाहवासा वाटणारा थोपविणे अवघड. त्यातच पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते त्यांनी लिहिली. सुधीर फडके यांची चाल, तालीम, प्रसारण हे सारे त्या एका कागदावर अवलंबून असे. पहिल्याच गीताचा कागद हरवला, तेव्हा गदिमांना खोलीत बंद करून ते पुन्हा लिहवून घेतल्याचे सांगितले जाते.

शहरात दुसऱ्यांना लावावी लागणारी कडी माडगूळला लागत नसे. तेथे निर्माता नव्हता, बैठकही नव्हती. रान होते आणि लहानपणापासून कानावर पडलेली माणदेशी बोली होती. पुढे विधान परिषदेचे सदस्यत्व, १९६९ मध्ये ‘पद्मश्री’ आणि १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद असे मान मिळाले, तशी वेळेची वाटणीही वाढत गेली.

१४ डिसेंबर १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. मोठ्या वास्तूंचा मान शहराकडे गेला. लेखकाचा निवांतपणा मात्र माडगूळच्या त्या पत्र्याने राखला.