लेखणीचा बादशहा व्हॉल्टेअर तुर्कस्तानला घड्याळं विकायचा, त्याची ही गोष्ट

येवल्यात पैठणीचा विषय निघाला की रघुजीबाबा नाईकांचं नाव निघतंच. त्यांनी विणकरांना इथं आणून वसवलं आणि गावाला धंदा मिळाला. असंच एक गाव फ्रान्समध्ये आहे, फर्ने. तिथं घड्याळं बनायची आणि कारागिरांना आसरा देणारा माणूस होता लेखक व्हॉल्टेअर.

व्हॉल्टेअरचा जन्म १६९४ चा, पॅरिसमधला. सत्तेशी आणि उमरावांशी पंगा घेतल्यानं तो दोनदा बॅस्टिलच्या तुरुंगात गेला. साठी ओलांडल्यावर त्यानं जिनिव्हाजवळची फर्नेची जहागीर विकत घेतली. पकडायला कुणी आलंच तर सीमा ओलांडून निसटता येईल, हा त्यातला हिशोब.

१७७० मध्ये जिनिव्हात राडा झाला. तिथं जन्मलेल्या, पण नागरिकांचे हक्क नसलेल्या कारागिरांनी हक्क मागितले. ते चिरडले गेले आणि अनेकांनी शहर सोडलं. त्यात घड्याळजी बरेच होते आणि बहुतेक प्रोटेस्टंट. फ्रान्समध्ये तेव्हा प्रोटेस्टंटांना धर्म पाळायची मोकळीक नव्हती. तरी पंचाहत्तरी पार केलेल्या व्हॉल्टेअरनं त्यांना घरं बांधून दिली, भांडवल दिलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच गावात गुण्यागोविंदानं राहू लागले.

आता माल खपवायचा कुठं? व्हॉल्टेअरनं राजदूतांना पत्रं धाडली. रशियाची राणी कॅथरीन हिला तर मागवली त्याहून कितीतरी जास्त घड्याळं पाठवली. तिनं पैसेही चुकते केले.

दुसरं मोठं गिऱ्हाईक तुर्कस्तान. जिनिव्हा आणि लंडनचे कारागीर या बाजारासाठी खास खिशातली घड्याळं घडवत. सोन्याची डबी, तिच्यावर रंगीत मिनाकाम आणि तबकडीवर तुर्की अंक. माणसांची चित्रं टाळून फुलं किंवा निसर्ग रंगवायचा, कारण गिऱ्हाइकाची आवड तशी.

गंमत म्हणजे तेव्हा रशिया आणि तुर्कस्तानचं युद्ध सुरू होतं. व्हॉल्टेअर पत्रांतून कॅथरीनला सुलतानाविरुद्ध चेव देत होता आणि त्याच्या गावची घड्याळं सुलतानाच्या मुलखातही जात होती. कारागिरांची चूल पेटती राहायची तर गिऱ्हाईक निवडून चालणार नव्हतं.

आणखी एक योगायोग. व्हॉल्टेअरचा कट्टर वैरी म्हणजे विचारवंत रूसो. त्याचे वडील जिनिव्हाचे घड्याळजी. रूसोच्या जन्माआधी ते इस्तंबूलला सुलतानाच्या महालाचे घड्याळजी होते, असं रूसोनंच लिहून ठेवलंय.

३० मे १७७८ ला व्हॉल्टेअर पॅरिसमध्ये वारला. तो गेला आणि फर्नेचा धंदा उतरणीला लागला, बरेच कारागीर निघून गेले. एका माणसाच्या ओळखीवर उभा राहिलेला बाजार त्याच्यामागे टिकला नाही. येवल्यात मात्र आजही माग चालू आहेत.

गावानं मात्र त्याचं नाव सोडलेलं नाही. नकाशावर ते आज फर्ने-व्हॉल्टेअर आहे.