फ्रॉइड यांची सोळा वर्षं

उत्तर लंडनमध्ये फिंचली रोड स्टेशनवर उतरून थोडा चढ चढलं की मेअर्सफिल्ड गार्डन्स हा झाडांचा शांत रस्ता लागतो. तिथल्या २० नंबरच्या लाल विटांच्या घरात सिग्मंड फ्रॉइड यांनी आयुष्यातलं शेवटचं वर्ष काढलं. १९८६ पासून तिथे संग्रहालय आहे. लोक येतात ते मुख्यतः तो कोच बघायला, ज्यावर पडून पेशंट मनातलं बोलायचे. आपल्यासाठी अजून एक ओळखीची खूण म्हणजे हस्तिदंती विष्णू. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कोलकात्याच्या मनोविश्लेषकांनी ती मूर्ती भेट पाठवली होती.

पण मला इथे लिहायचंय ते स्वप्नांबद्दल किंवा सुप्त मनाबद्दल नाही. गेल्या वर्षी माझ्या मावशीचा कॅन्सर परत आला. पुढची केमो घ्यायची की नाही, यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर लंडन, दुबई, न्यू जर्सी आणि पुण्यातून जोरदार चर्चा चालली होती. ग्रुपवर एकच व्यक्ती नव्हती, ती म्हणजे मावशी. त्या दिवसांत मी फ्रॉइड यांच्या आजारपणाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सोळा वर्षं उलटून उलटून येणाऱ्या आजाराशी त्यांनी कसं जमवून घेतलं आणि कुठे थांबायचं हे कसं ठरवलं, ते सांगण्यासारखं आहे.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या फ्रायबर्गचा. ते चार वर्षांचे असताना कुटुंब व्हिएन्नाला आलं आणि पुढची ७८ वर्षं तेच त्यांचं गाव झालं. दिवसाला वीसेक सिगार ओढायची सवय. १९२३ च्या फेब्रुवारीत त्यांना तोंडात उजव्या बाजूला, टाळूपाशी, एक पांढरट चट्टा दिसला. वय तेव्हा ६६. एप्रिलमध्ये हायेक नावाच्या सर्जनने बाह्यरुग्ण विभागातच तो भाग काढला. ऑपरेशन साधं म्हणून सांगितलं होतं, पण रक्तस्राव थांबेना. त्यांना एका लहानशा खोलीत झोपवलं. तिथली घंटा बंद होती. खोलीत बौद्धिक अपंगत्व असलेला एक खुजा पेशंट होता. रक्त वाहताना पाहून तोच धावत मदत घेऊन आला, म्हणून फ्रॉइड वाचले.

गाठ कॅन्सरची होती, पण हे फ्रॉइड यांना कुणी सांगितलं नाही. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांना भीती होती की हा माणूस जीवाचं काही बरंवाईट करून घेईल. त्यात जूनमध्ये त्यांचा चार वर्षांचा लाडका नातू हाइनेले क्षयाने गेला. या दुःखात अजून भर कशाला, असं सगळ्यांना वाटलं. जवळच्या शिष्यांनी आपसात चर्चा केली आणि गप्प बसायचं ठरवलं. आपल्याकडे घरोघरी हेच होतं, नाही का? सगळ्यांना माहीत असतं आणि ज्याचा आजार, त्याला फक्त थोडं इन्फेक्शन असतं.

फ्रॉइड मुलगी आना हिला घेऊन रोमला जाऊन आले. प्रवासात तोंडातून रक्त आलं. खरं कळल्यावर ते भयंकर संतापले. आपल्याला अंधारात ठेवायचा हक्क यांना कुणी दिला, हा त्यांचा मुद्दा होता. डॉइच यांचं त्यांचे वैयक्तिक डॉक्टर म्हणून काम तिथेच संपलं.

ऑक्टोबरमध्ये हान्स पिख्लर या सर्जनने मोठं ऑपरेशन केलं. वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग, शिवाय खालच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला. नाक आणि तोंड वेगळं ठेवायला एक मोठी कवळी बसवली. ती घालणं-काढणं म्हणजे रोजचा छळ. घरात तिला राक्षसच म्हणायचे. बोलणं नाकातून आणि अस्पष्ट येऊ लागलं. उजव्या कानाने ऐकू येईना, तेव्हा डाव्या कानाने पेशंटचं ऐकता यावं म्हणून कोच आणि खुर्चीच्या जागा बदलल्या. परक्या माणसांसमोर जेवणं जवळपास बंद झालं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षांत मोजली तर तीसहून जास्त ऑपरेशनं, त्यातली कित्येक नुसती जागा बधिर करून. दर वेळी नवा चट्टा, नवी शंका, पुन्हा कापणं.

तरी दर वेळी ते हो का म्हणाले? माझ्या मते, प्रत्येक ऑपरेशननंतर त्यांना परत टेबलाशी बसता येत होतं. त्यांचे धर्मावरचे आणि संस्कृतीवरचे गाजलेले ग्रंथ १९२३ नंतरचेच आहेत. पेशंट बघणं चालू होतं. दुखण्यावर फार तर अ‍ॅस्पिरीन. जड औषधं नकोत, कारण डोकं साफ हवं. सिगार मात्र डॉक्टरांनी हजारदा बजावूनही सुटली नाही. म्हणजे सगळे निर्णय शहाणपणाचे होते असं नाही, पण ते त्यांचे स्वतःचे होते.

या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष मला वाटतं १९२९. त्या वर्षी माक्स शूर हे तिशीतले डॉक्टर त्यांचे वैयक्तिक डॉक्टर झाले. पहिल्याच भेटीत फ्रॉइड यांनी दोन अटी घातल्या. एक, माझ्यापासून कधीही काही लपवायचं नाही. दुसरी, वेळ येईल तेव्हा मला विनाकारण हाल सोसायला लावायचे नाहीत. शूर यांनी दोन्ही मान्य केल्या. लक्षात घ्या, हे बोलणं शेवट येण्याच्या दहा वर्षं आधी झालं, दोघंही शांत असताना.

१९३६ मध्ये तपासणीत पुन्हा नक्की कॅन्सर निघाला. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला. गेस्टापोने आनाला चौकशीला नेलं, संध्याकाळी ती परत आली. ४ जूनला ८२ वर्षांच्या फ्रॉइड यांनी व्हिएन्ना सोडलं आणि पॅरिसमार्गे ते लंडनला आले. मागे राहिलेल्या चार बहिणी पुढे नाझींच्या छळात संपल्या. सप्टेंबरमध्ये पिख्लर खास व्हिएन्नाहून आले आणि गाल कापून आणखी एक मोठं ऑपरेशन केलं.

१९३९ च्या फेब्रुवारीत आजार परत आला, तोही ऑपरेशनच्या आवाक्याबाहेर. पॅरिसहून तज्ज्ञ आले; रेडियमचा फारसा उपयोग नाही असं ठरलं. मग क्ष-किरणांचे उपचार झाले. थकवा प्रचंड, फायदा थोडाच. १ ऑगस्टला त्यांनी पेशंट बघणं बंद केलं. गालाला भोक पडलं होतं. वासामुळे लाडका कुत्राही जवळ येईना. माश्यांसाठी पलंगाला मच्छरदाणी लावावी लागली. शेवटी वाचलं ते बाल्झाकचं पुस्तक, ज्यात माणसाचं आयुष्य एका कातड्यासारखं आकसत जातं.

२१ सप्टेंबरला त्यांनी शूर यांना त्या जुन्या बोलण्याची आठवण करून दिली आणि आनाशी बोलायला सांगितलं. आना आधी तयार नव्हती. सोळा वर्षं तिनेच त्यांची शुश्रूषा केली होती. शेवटी तिने मान्य केलं. शूर यांच्या आठवणींनुसार त्यांना मॉर्फीन देण्यात आलं, शांत झोप लागली, आणि २३ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे ते गेले.

शूर यांनी केलं ते भारतातल्या कायद्यात बसत नाही, आणि इथे त्याचा पुरस्कारही करायचा नाही. पण नको असलेले उपचार नाकारणं ही वेगळी गोष्ट आहे. शेवटच्या काळात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलाय. शिवाय केमो थांबवली म्हणजे उपचार संपले, असंही नसतं. वेदना कमी करणारे उपचार चालूच राहतात. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून हेच काम करतंय.

मावशीला शेवटी तिच्या मुलीने सगळं सांगितलं. तिला आधीच अंदाज होता. तिने डॉक्टरांना विचारलं, या औषधाने किती दिवस वाढतील आणि त्यातले किती मी माझ्या पायांवर असेन? उत्तर ऐकून तिने दोन सायकल घेतल्या आणि तिसरीला नाही म्हणाली. काहींना पटलं नाही. न्यू जर्सीचा मामा अजूनही नाराज आहे. ती आता घरी आहे, दुखण्याची औषधं चालू आहेत, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आमच्या मुलांचे पाढे घेते.

दिवाळीला घरी जाणार असाल, तर आईबाबा धडधाकट असतानाच हा विषय काढा. जेवणं झाल्यावर, सगळे निवांत असताना. जड जाईल, पण विचारून बघा.