डॉ. खानोलकर : अंदाजाकडून निदानाकडे

कांजूरमार्गहून लोकलने परळला उतरून टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाच्या पिशवीत एक कागद हमखास असतो, बायॉप्सीचा अहवाल. कर्करोगाचे निदान अंदाजाने नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखाली व्हावे, ही शिस्त आपल्याकडे रुजवणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

1895 साली जन्मलेले खानोलकर 1923 मध्ये लंडन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रातील एम.डी. झाले. मुंबईत परतून त्यांनी ग्रँट मेडिकल आणि शेठ जी. एस. मेडिकल या महाविद्यालयांत अध्यापन केले. 1941 मध्ये टाटा रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, असा तेव्हा अनेकांचा समज होता. खानोलकरांनी रुग्ण मोजले, पेशी तपासल्या आणि सवयी विचारल्या. 1944 मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमरेला घट्ट धोतर बांधणे, ओठात खैनी धरणे, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढणे अशा सवयींशी निगडित कर्करोगही त्यांनी दाखवून दिले. पुढे ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1952 मध्ये परळला उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रातील एक इमारत आज त्यांच्या नावाने उभी आहे.

त्यांची आठवण काढण्याचे कारण आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते. शौचातून रक्त जाते, रुग्ण स्वतःच मूळव्याध ठरवतो आणि मलम, चूर्ण, पथ्य यांत महिने घालवतो. बायॉप्सी सुचवली, की तुकडा काढला तर रोग पसरेल, ही भीती घरातले सगळेच बोलून दाखवतात. ही भीती निराधार आहे. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत घेतलेल्या कणभर तुकड्याने कर्करोग पसरत नाही. तपासणी टाळल्याने मात्र त्याला वाढायला वेळ मिळतो.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेकदा आतल्या अस्तरावरील लहान मोडापासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो. त्याचे कर्करोगात रूपांतर व्हायला सहसा काही वर्षे लागतात. त्या काळात दुर्बिणीतूनच पॉलिप काढला, तर कर्करोग होण्याआधीच टळतो. अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग आतड्यापुरता असताना सापडलेल्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो यकृत-फुप्फुसांपर्यंत पोहोचल्यावर दहांपैकी एखाद-दोघेच.

म्हणून शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा रक्ताची कमतरता यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लाजू नका. गुदद्वाराची बोटाने केलेली दोन मिनिटांची तपासणीही पुष्कळ सांगून जाते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर त्रास नसतानाही तपासणी कधी करायची ते विचारा. वय कमी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. मूळव्याध असेल तर तसे कळेल आणि मन हलके होईल. नसेल तर वेळ हाताशी असेल.