रंगांनी दगा दिला, यंत्रांनी हात दिला

शहाडवरून मुरबाडच्या रस्त्याला लागलात की म्हारळ, वरप, कांबा ही गावे लागतात. या भागात कुठे पडवीत पिठाची चक्की, कुठे गोठ्यात कडबा कुट्टी, कुठे पत्र्याच्या शेडमध्ये छोटा लेथ नाहीतर वेल्डिंगचे मशीन दिसेल. घरबसल्या चार पैसे मिळवायचे हे साधन. पण मोटार एकदा का जळाली, की रिवाइंडिंग होईपर्यंत धंदा बंद. आणि करंट बसला तर माणूसच जायचा! म्हणून वाचक हो, आज लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ऐका. पंपावर वाचून वाचून हे नाव तुम्हाला पाठ आहे; त्यामागचा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना; ओढ चित्रांची आणि यंत्रांची. 1885 साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षे गेली आणि लक्षात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायचे स्वप्न तिथेच संपले. दुसरा कोणी गाव गाठून स्वस्थ बसला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही, अचूक रेघ लागते. ते शिकून पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत आराखड्याचेच शिक्षक झाले.

इथे तुमच्या शेडकडे वळू या. आपले डोळे शाबूत असतात, म्हणून आपण वायरच्या रंगावर डोळे झाकून विसंबतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. पण नव्या मशीनच्या केबलमध्ये तपकिरी फेज असते आणि निळी न्यूट्रल! म्हणजे निळी वायर एके ठिकाणी जिवंत, तर दुसरीकडे न्यूट्रल. त्यात आधीच्या वायरमनने उरलीसुरली वायर जोडलेली असली तर बघायलाच नको. म्हणून रंग पाहून हात घालू नका, तपासून घाला. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो चांगला आहे ना ते पाहा. तरी एकट्या टेस्टरवर भिस्त नको. न्यूट्रल तुटली असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो आणि मशीन मात्र ढिम्म हलत नाही. अशा वेळी वायरमनकडून होल्डरच्या दोन वायरी लावून बल्ब पेटतो का ते बघून घ्या, लगेच उलगडा होतो.

आता लक्ष्मणरावांकडे परत येऊ. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जात. यंत्र कसे चालते, कुठला भाग कशासाठी आहे, हे त्यांनी हाताने शिकून घेतले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्याच काळात त्यांनी मुंबईत सायकली पाहिल्या, त्या विकत घेऊन बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवल्या. पुढे नोकरी सोडून तेही बेळगावला आले. सायकलच्या दुकानातूनच कारखाना वाढला आणि तिथे कडबा कापायची यंत्रे होऊ लागली. तुमच्या गोठ्यातली कुट्टी त्याच जातीची, फक्त तिला आता मोटार लागली.

हाताने शिकणे म्हणजे वाटेल तिथे पाना लावणे नव्हे. मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही? आधी स्विच बंद करा, कारण अशी मोटार थोड्या वेळात तापून जळते. मेन बंद करून पट्टा काढा आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. जड लागला तर बेअरिंग. हलका फिरला आणि मोटार सिंगल फेजची असली, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्याला उघडा हात लावू नका. मोटार तीन फेजची असेल तर एक फेज गेला आहे का ते पाहायला सांगा. रिवाइंडिंगचा खर्च हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

त्यानंतर लोखंडी नांगराची पाळी आली. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा तेव्हा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. नांगर त्याच्या गळी उतरेपर्यंत ते चिकाटीने मागे लागले. पुढे बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडी उभी राहायला सुरुवात झाली.

1914 च्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड तुटले. लक्ष्मणरावांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. याला म्हणतात पर्याय. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे हा पर्याय नव्हे. फ्यूज उडतो तो काहीतरी सांगायला. कुठे वायर खरचटली आहे, कुठे मशीनवर भार जास्त आहे, ते आधी शोधा. जाड तार घातली की फ्यूज वाचतो आणि वायर पेटते. अर्थिंगचेही तसेच. खरीफात शेड ओली असते. अर्थिंग तुटलेल्या मशीनच्या बॉडीत वीज उतरली, तर पहिला हात लावणारा कोण असेल? बहुधा घरचेच कोणी.

लक्ष्मणरावांच्या हयातीतच हा पसारा हातयंत्रांपलीकडे गेला. 1941 साली हरिहरला लेथ बनवायचा कारखाना निघाला. 1946 साली पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. 26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

रंग कळत नाहीत हे कळल्यावर या माणसाने अंदाजावर काम केले नाही; मोजून, तपासून, हात लावून केले. तुम्हीही तेवढेच करा. उद्या सकाळी मशीन चालू करण्याआधी मेन बंद करा, अर्थिंगची वायर मशीनच्या बॉडीला पक्की आहे का ते बघा, सैल असेल तर वायरमनला बोलवा. फ्यूजमध्ये जाड तार दिसली तर ती आजच काढा.